सही न झालेला अर्ज

बाबा,
तुमच्या निशूचा पुण्याहून नमस्कार. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहून राह्यली. घाबरू नका, तब्येत चांगली आहे. कापूस वेचणीले बाया भेटल्या का? आईचा गुडघा काय म्हणते?

सिस्टिम्स प्रोग्रामिंगचा विषय लय कठीण आहे. कॉम्प्युटरची मेमरी वाटून देणारा प्रोग्राम आपणच लिहायचा. माझा तीन आठवडे सारखा बंद पडे. पहिल्या परीक्षेत मी नापास झाली, हे तुम्हाले सांगितलं नव्हतं.

सोमवारी विषय सोडायचा अर्ज घेऊन तो शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलती. त्या म्हणाल्या, "सही करते. आधी तुझा प्रोग्राम मला समजावून सांग."

मी एकेक ओळ सांगू लागली अन् मधेच थांबली. मेमरीतली एकदा मोकळी केलेली जागाच मी पुन्हा मोकळी करून राह्यलती, म्हणून तो बंद पडे!

"मॅडम, चूक सापडली!"

तिथंच बसून दुरुस्त केला. चालला, बाबा! मॅडमनं पेन उचलून विचारलं, "मग, करू सही?" मी अर्ज परत घेतला.

दुसरी परीक्षा वीस तारखेले आहे. भीती वाटते, पण देणार आहे. नापासचं आईले तुम्हीच सांगा, ती जेवल्यावर.

तुमची,
निशिगंधा