अप्पा, मी सगळ्यात सुरक्षित ब्राउझर निवडला

अप्पा, ब्राउझर म्हणजे काय ते मी तुम्हाला एकदा समजावून सांगितलं होतं. दुपारचं जेवण झालं होतं, दुकान उघडायला अवकाश होता, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून पडद्यावर वरून खाली सावकाश उतरणारं एक चित्र बघत बसला होतात. मी म्हणाले, ही खिडकी समजा, हिच्यातून बाहेरचं जग दिसतं. तुम्ही पुढे वाकून पडद्याच्या काचेला बोट लावून पाहिलंत. मग विचारलंत, "अन् बाहेरचं मानूस आत येतं का हिच्यातून?" आई भांडी घासता घासता हसली, मीही हसले. "न्हाई येत, अप्पा," मी म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आता लोकांची तीच भीती काढण्यावर माझं पोट चालतं, आणि तो प्रश्न आठवला की हसू येत नाही.

तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. तुमच्या भांड्यांच्या दुकानाचा पुढचा भाग आता माझं ऑनलाइन सेंटर आहे. हंडे-कळश्या टांगलेल्या असायच्या त्या भिंतीशी कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहेत. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, शिष्यवृत्ती, प्रवेशाचे अर्ज, सगळं इथे होतं. जिंतुरात मला ओळखत नाही असा माणूस विरळा. बायका तुम्हाला विचारायच्या ना, स्टीलचं घेऊ का पितळेचं, तसे लोक मला विचारतात, ताई, मोबाइलमध्ये कोणता ब्राउझर ठेवू? तुम्ही सरळ उत्तर कधी द्यायचा नाहीत. "टिकाऊ पायजे, हलकं पायजे का घट्ट झाकनाचं पायजे, ते आधी बोला. तिन्ही एका भांड्यात मागू नका," असं म्हणायचात. मीही हेच सांगते, आणि अक्कल माझीच असल्यासारखी सांगते.

माझ्याकडे तीन ब्राउझर आहेत. लोकांना त्यांची इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून मी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणते. थोरला म्हातारा झालाय. त्याला बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे बघणं कधीच सोडून दिलं, त्यामुळे कोणीही यावं आणि त्याच्यातून काहीही उचलून न्यावं अशी त्याची गत आहे. पण एका कचेरीची साइट अजून त्याच्याशिवाय उघडत नाही आणि अंगठ्याचं मशीन त्यालाच तेवढं ओळखतं, म्हणून तो आहे. मधला सगळ्यांचा लाडका. साइट कुठलीही असो, उघडतो. मराठी अक्षरं मोडत नाही, छपाई कापत नाही, पैसे भरताना अर्ध्यातून परत फिरत नाही. पण पोटात काही ठेवत नाही. नावाचं पहिलं अक्षर टाकलं की आधी येऊन गेलेल्या दहा गावच्या माणसांची नावं, जन्मतारखा, मोबाइल नंबर पुढे मांडतो. मी हे वरचेवर पुसते, तरी त्याची सवय जात नाही. शिवाय चार पानं उघडली की मशीनचा पंखा घरघरायला लागतो. धाकटा संशयी. कोण मागे लागलंय, कोण डोकावतंय, सगळ्यांना तो दारातच अडवतो, कॅमेऱ्याला हात लावायचा तर आधी विचारतो, बंद करताना घर झाडून पुसून जातो. सुरक्षा विचाराल तर त्याचा हात धरणारा कोणी नाही. फक्त भरवसा नाही. सरकारी साइट त्याच्यावर रुसतात. कुठे बघून टाकायची ती चित्रातली अक्षरंच उमटत नाहीत, कुठे बटण दाबलं तरी ढिम्म. म्हणून गिऱ्हाइकांचं काम मी मधल्यात करते आणि धाकटा घरच्या लॅपटॉपवर, घरच्यांसाठी ठेवलाय.

ज्या वर्षी माझी बारावी झाली ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला होता. सकाळी पूजा आटोपून तुम्ही स्वयंपाकघरात आलात, कपाळावरचं भस्म अजून वाळलं नव्हतं. आई तव्यावर धपाटे लावतेय, मी ताट घेऊन बसलेय. तुम्ही उभ्या उभ्याच बोलता, "आमी लय इचार केला. हॉस्टेलवर न्हाई ठिवायचं. तिथं तुझी जिम्मेदारी कोन घेनार?" माझी मी घेईन, असं मी म्हणते. तुमचा आवाज चढतो, माझ्यावर कधी चढला नव्हता तो. "तोंड चालवू नको. आमी काय तुझे दुश्मन हाव का?" आई धपाटा उलटायचं विसरते, घरभर करपल्याचा वास सुटतो. पुढे महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. मग एक दिवस परभणीहून टेम्पो आला आणि तुम्ही त्यातून दोन खोकी उतरवलीत. गल्लीतला तो पहिला कॉम्प्युटर. आईने त्याच्यावर भस्माची तीन बोटं ओढली. "घे," तुम्ही म्हणालात, "काय शिकायचं ते हितंच शीक." तुम्हाला वाटलं, मिटलं. मला त्या खोक्यांचा राग आला होता आणि संध्याकाळपर्यंत मी त्याला सोडून उठलेही नव्हते, दोन्ही खरं आहे.

जे काही मला येतं ते त्याच कॉम्प्युटरवर शिकलेलं आहे. बी.ए. गावात झालं. स्थळही तुम्ही गावातलंच बघितलंत, दोन गल्ल्या सोडून, म्हणजे हाक मारली तर ऐकू यावं. तुमच्या डोळ्यांसमोर मी सुखरूप राहिले. मला काही झालं नाही, अप्पा. माझं दुःख विचाराल तर एवढंच आहे, मला काहीच झालं नाही.

म्हणून लेक पाळण्यात असल्यापासून मी तिला सांगत आले, तुला मी अडवणार नाही. हे इतकं म्हणायचे की घरी हे मला चिडवायचे, "अगं, ती अजून कुठं चालली न्हाई, अन् तू रोज रस्ता मोकळा करायलीस." यंदा ती बारावी झाली, प्रवेशपरीक्षेत चांगले मार्क पडले, पुण्याच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागेल असा अंदाज निघाला. मधल्या काळात एक प्रकार कानावर आला होता. कुठल्याशा सेंटरच्या मशीनमधून एका मुलीचा फोटो आणि नंबर फुटला, तिला नाही नाही त्या माणसांचे फोन यायला लागले, आणि घरच्यांनी त्या माणसांना सोडून मुलीचाच क्लास बंद केला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता. लेकीचा फॉर्म दुकानातल्या मशीनवर, त्या बडबड्या मधल्यात भरायचा नाही हे मी ठरवलं. घरी लॅपटॉप घेतला, धाकटा उघडला, त्याच्या सुरक्षेच्या सगळ्या कळा होत्या नव्हत्या तेवढ्या आवळल्या. कॉलेजांचे पर्याय तिने सांगितले तसे क्रमाने टाकले. सेव्ह केले.

आता बघा काय झालं. पर्याय सेव्ह केले की ते पक्के करायचे असतात. त्यासाठी साइट एक वेगळी छोटी खिडकी उघडते, तिच्यात पासवर्ड पुन्हा टाकायचा असतो. धाकट्याने ती खिडकी उघडू दिली नाही. अडवली, आणि वर बारीक अक्षरांत तसं सांगितलंही. ती पट्टी मी वाचली. माझ्या लेकीच्या पानावर कोणीतरी काहीतरी उघडू बघतंय आणि ह्याने त्याला दारातच धरलं, असं मला वाटलं. शाबास, असं मी तोंडाने म्हणाले, आणि पट्टी मिटवून टाकली. मोबाइलवर सेव्ह झाल्याचा मेसेज आला तोच मी शेवटचा धरला. "मम्मी, कन्फर्म केलं नं?" तिने आतून विचारलं. "केलं," मी म्हणाले. गिऱ्हाइकाच्या हातात मी पक्का झालेला कागद छापून दिल्याशिवाय त्याला उठू देत नाही. प्रिंटर दुकानात होता, आणि घरच्या कामाची पावती कोण मागतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, अप्पा, पुढचं तुम्हाला पाठ आहे.

यादी लागली तीत तिचं नाव नव्हतं. मी साइटवाल्यांना फोन लावले, परभणीला जाऊन मदतकेंद्रावर उभी राहिले. तिथला मुलगा सभ्य होता. त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि दाखवलं, पर्याय सगळे आहेत, पक्के केलेले नाहीत. "मॅडम, पॉपअप ब्लॉक असंल तुमचा," तो म्हणाला. हेच वाक्य मी स्वतः किती लोकांना ऐकवलंय. पुढच्या फेरीत पुणं भरलेलं होतं. परभणीतल्या एका कॉलेजात दुसऱ्याच शाखेला जागा निघाली, ती घेतली.

त्यानंतरच्या आठवड्यात येलदरीचे एक गृहस्थ दुकानात आले. धरणावर मासे धरतात. त्यांच्या मुलाचा फॉर्म मीच भरला होता, मधल्यात, पाच मिनिटांत, चहा पिता पिता. पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, तोंड गोड करा. पोराचं झालं की पुन्याला! तुमच्या हाताला लय बरकत हाय." लेक बाजूच्या टेबलावर कार्डं लॅमिनेट करत होती. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, "अन् तुमच्या पोरीचं कुठं लागलं?" मी पुड्याचा दोरा सोडत राहिले. तीच म्हणाली, "माझं इथंच हाय, काका. परभनीला." ते मनापासून खूश झाले. "हे तर लयच चांगलं. लेकरू डोळ्याम्होरं ऱ्हातं." पेढा मी खाल्ला. लेकीनेही खाल्ला.

ते गेल्यावर तिने मशीन बंद केलं. "त्यांचा फॉर्म कशात भरलीस?" मी सांगितलं. "बाकीच्या सगळ्यांचे?" त्याच्यातच. "अन् माझाच तेवढा धाकट्यात." मी तिला नंबर फुटण्याचं, त्या मुलीचं, सगळं सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "मम्मी, तुला मला पाठवायचंच नव्हतं." आणि अप्पा, मी तिच्या अंगावर ओरडले, "तोंड चालवू नको. मी काय तुझी दुश्मन हाय का?" तुमचं वाक्य. माझ्या तोंडून, भर दुकानात, फक्त तुमच्या 'आमी'चं 'मी' होऊन. ती आली नाही माझ्यावर चालून, रडलीही नाही. कार्डं गोळा करून तिने खोक्यात नीट रचली.

आता ती सकाळच्या एसटीने परभणीला जाते आणि दिवेलागणीला परत येते. जेवते, विचारलं तेवढं बोलते, दुकानातही मदत करते. माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर काही वाट तरी निघाली असती. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे, असं मी दोनदा सुचवलं, तर "बघू" म्हणाली. हा "बघू" मला ओळखीचा आहे, तुमच्या त्या खोक्यांसमोर मीही असंच काहीतरी पुटपुटले होते. हे म्हणतात, होईल हळूहळू सवय. सवय होते हे मला ठाऊक आहे, म्हणून तर रात्रंदिवस जीव तुटतो. माझी पंचवीस वर्षं सवयीतच गेली.

आज दुपारी वीज गेलीय, दुकानात कोणी नाही, लॅपटॉपवर तुम्हाला हे लिहायलेय. खासगी खिडकी उघडून लिहितेय, ती बंद केली की आतलं एक अक्षर मागे उरत नाही. कुठे पाठवायचं आहे असंही नाही. तुम्ही माझे वैरी नव्हता हे मला आता कळतं, आणि त्याने काही बरं वाटत नाही. उलट वाटतं की तुम्ही वैरी असतात तर सोपं होतं, मी तुमच्यासारखी झाले नसते.

लेक म्हणाली ते साफ खोटं आहे, असं मी तिला सांगितलं, ह्यांना सांगितलं, आईलाही फोनवर सांगितलं. तुम्हाला तसं सांगता येत नाही. यादी उघडली, तिचं नाव शोधलं, नव्हतं. पुन्हा वरपासून शोधलं, तरी नव्हतं. मग मला रडू फुटलं, ते खरंच आहे. पण त्याच्या आधी, अप्पा, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, मला हायसं वाटलं होतं. पोर घरी राहील, असं वाटलं होतं.