पर्सखालचा मोरपिसांचा टोप

शनिवार, संध्याकाळ. इचोडा.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज गॅदरिंगमधे आमच्या हेडमास्तरीण बाईंनी गुसाडीचा टोप घातला. प्लास्टिकच्या मोरपिसांचा, बाजारातला. स्टेजवर दोन उड्या, चार फोटो, आन् टोप खुर्चीवर टाकून वरून पर्स ठेवली.

पर्स! माह्या बाजूला सोनेराव सर बसले होते. ते गोंड, दर दिवाळीत त्यांचा भाऊ गुसाडी होऊन नाचते. त्यांच्यात टोपाची आधी पूजा होते. एकदा घातला की तो माणूस देव. दंडारी, म्हंजे दारोदारचा हा दिवाळीचा नाच, संपेपर्यंत आंघोळ नाही, अंगावर राख.

मी म्हटलं, "सर, तुमी काऊन गप?"

"दुसऱ्यानं घालू नये असं माहं म्हणणं नाही, ताई. पण या दिवाळीत आमची दंडारी मॅडमच्या दारी गेली, तर त्यांनी गेट लावून घेतलं. म्हणे पुढं जा, वास येते."

मंग हा कोणता मान? उसनं घेणं वाईट नाही. शेजारच्या तेलुगू अक्काकडून मी पप्पू, म्हंजे त्यांचं वरण, शिकले, तिनं माह्याकडून झुणका. पण आमी एकमेकींच्या चुलीपाशी बसलो होतो. टोप पाहिजे, माणूस नको, हे कसलं प्रेम?

आत्ता शाळेच्या ग्रुपवर बाईंचा फोटो आला. खाली लिहिलं, 'आपली संस्कृती'. पर्स फोटोत नाही.

मी लिहून टाकलं, "मॅडम, ही आपली संस्कृती दिवाळीत तुमच्या गेटाबाहेर उभी होती."

सगळ्यांनी वाचलं. सोनेराव सरांनीही.