पाइलचा पाच वर्षांचा करार

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी गवत कापलं. दुपारी डब्यातलं टोमॅटो सूप. मार्लिसला जाऊन पाच महिने झाले. संध्याकाळी टीमची पाच वर्षांची योजना लिहायला घेतली.

२०२५ पाया. २०२६ बांधणी. २०२७ पहिल्या चारात. २०२८ अंतिम सामना. २०२९ ट्रॉफी. लायलच्या लीगमध्ये बारा टीम आहेत, पण इतक्या लांबचा विचार करणारा मी एकटाच.

तेरा वर्षं टीम आम्हा दोघांच्या नावावर होती. चार ट्रॉफ्या मिळाल्या. निर्णय माझे, लिहिणं तिचं. लिहिणं मीही करू शकतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

मिनियापोलिसहून हायडीचा फोन. लिलावाला मी येऊन शेजारी बसते, म्हणाली. नको म्हटलं. मुलीला या खेळातलं काय कळणार? तरी समजावून सांगितलं. फुटबॉलचे खेळाडू खरे, सामने खरे, टीम मात्र कागदावरची. रविवारी ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. लिलावात घेतलेला खेळाडू एक ते पाच वर्षांच्या करारावर ठेवता येतो, पण सगळ्यांचे पगार मिळून दोनशेच्या वर जाता कामा नये. मधेच सोडला तर अर्धा पगार करार संपेपर्यंत आपल्याच डोक्यावर. म्हणून डोकं थंड लागतं.

ती म्हणाली, बाबा, हे सगळं मला आईने शिकवलंय. मग म्हणाली, आईने हॉस्पिटलमध्ये बजावलं होतं, बाबांना लिलावाला एकटं पाठवू नकोस.

शेवटी शेवटी औषधांमुळे मार्लिस काहीबाही बोलायची.

३० ऑगस्ट, शनिवार

लिलाव झाला. नेहमीप्रमाणे लायलच्या गॅरेजमध्ये, सॉसेज आणि बिअर. माझ्या शेजारची खुर्ची कोणी हलवली नव्हती. तिच्यावर टोपी ठेवली.

बोली चालू असताना टेबलाखाली माझा गुडघा दाबायची मार्लिसला सवय होती. जिवाची घालमेल व्हायची बिचारीच्या. यंदा तो व्यत्यय नव्हता. चांगलं एकाग्र होता आलं.

पाइलला घेतलं. पगार चव्वेचाळीस. सहा वर्षं तो आपल्याकडेच आहे, पण दरवेळी एकाच वर्षाच्या करारावर. तो मार्लिसचा हट्ट, मी कधी मोडला नाही. यंदा सरळ पाच वर्षं दिली. लायल म्हणाला, अरे ऑरिन, तो चौतीस वर्षांचा आहे, करार संपेपर्यंत तुझ्यामाझ्याबरोबर हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसेल. गॉर्डी म्हणाला, बसू दे की, तिथे तरी आलेला बॉल पकडेल. सगळे हसले. मग कोणाची तरी नजर टोपीकडे गेली आणि हसणं थांबलं.

यात भावनेचा काही संबंध नाही. सातत्य महत्त्वाचं.

आमच्याकडे प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असतं. ज्याचा खेळाडू, त्याच्याकडे कार्ड. सोडायचा असेल तर कार्ड लायलच्या हातात द्यायचं, तो ते गॅरेजच्या भिंतीला ठोकतो. आपली कार्डं मार्लिसच्या पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात असतात. पाइलचं कार्ड तिच्या अक्षरातलं आहे. मी त्याच्यावर फक्त २०२९ एवढंच लिहिलं.

७ सप्टेंबर, रविवार

हरलो. पायाच्या वर्षी हे अपेक्षितच.

ठरवलं: रोज दोन मैल चालणं. आठवड्यातून तीनदा स्वतः स्वयंपाक. तिचे कपडे चर्चला देणं.

२१ सप्टेंबर, रविवार

तिसरा पराभव. पाइलचा गुडघा दुखावला, उजवा. पाय टेकता येत नव्हता. वाईट नशीब, दुसरं काय! योजनेत नशिबासाठी रकाना नव्हता, तो आज आखला.

चालणं जमलं नाही. कपडे थंडी सुरू झाली की देईन, तेव्हा लोकांना गरज असते.

१९ ऑक्टोबर, रविवार

सातपैकी सात पराभव. इतका सलग निकाल लागला की लवकरच उलटा फिरतो.

आज सामना आवाज बंद करून पाहिला. मार्लिस तसंच करायची. खेळ थांबला आणि खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले की आवाज बंद. तीस वर्षं शाळेत नर्स होती, गोंगाटाला कंटाळलेली असणार. आवाज नसला की फक्त कोण कसं चालतंय तेवढंच दिसतं. त्यात पाहण्यासारखं काय, कळलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाइल निवृत्त झाला. लायलचा फोन आला. निवृत्त खेळाडूचं कार्ड एकवीस तारखेपर्यंत दिलं तर पुढची चार वर्षं माफ. नाही दिलं तर करार तसाच चालू. एकवीसच्या शुक्रवारी मासे खायला ये आणि येताना कार्ड घेऊन ये, म्हणाला.

मी म्हटलं, निवृत्त झालेले परतही येतात. लायल म्हणाला, ऑरिन, टीव्हीवर सांगताना तो रडला रे. त्याची बायको शेजारी उभी होती. संपलं त्याचं.

विचार करतो म्हटलं. घाईचे निर्णय मी कधीच घेत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हायडी विचारत होती, पुढच्या आठवड्यात गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येणार का. टीमचं काम आहे म्हटलं. कसलं काम, म्हणाली. करार म्हटलं.

डबा उघडून पाइलचं कार्ड काढलं आणि परत ठेवलं. त्याच्यावरचा प मार्लिसने असा काढलाय की वाचणाऱ्याला ष वाटावा. शाळेतल्या नोंदवहीतही तिचा प असाच असायचा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शर्टाच्या खिशात कार्ड घालून गेलो. मासे बरे होते. गॉर्डीही होता. खाणं होईपर्यंत कार्डाचा विषय कोणी काढला नाही. मग मीच काढून टेबलावर ठेवलं, पण वर हात तसाच राहिला. लायल थांबला. मग मी हात उचलला.

त्याने कार्ड उलटं केलं. मागे बारीक अक्षरात ओळी होत्या, दर वर्षाची एक. मी मागची बाजू कधी पाहिली नव्हती. लायलने चष्मा लावून शेवटची वाचली. जानेवारीतली. उजव्या पायावर पूर्ण भार देत नाही. आता एक वर्षसुद्धा नको.

जानेवारीत ती स्वतः जिना चढू शकत नव्हती.

लायल म्हणाला, चार ट्रॉफ्या उगाच नव्हत्या. गॉर्डी म्हणाला, अरे, तिने एकदा गुडघा दाबला की बोली वाढव, दोनदा दाबला की गप्प, हे अख्ख्या गॅरेजला माहीत होतं. दुसऱ्यांदा दाबलं की तू दचकायचास. तू दचकलास की मी आणखी एक वाढवून खेळाडू घेऊन टाकायचो.

मला माहीत होतं, असं मी म्हणालो. दोघांनी मान हलवली.

लायल म्हणाला, हे कार्ड तू ठेव, भिंतीसाठी मी दुसरं लिहितो. नको म्हटलं. नियम सगळ्यांना सारखा. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अकरापैकी अकरा. उद्या बारावा. योजनेचा कागद फाडला नाही, मागची बाजू कोरी आहे.

हायडीला फोन करून गुरुवारी येतो म्हणून सांगितलं. पुढच्या लिलावाला शेजारी बसशील का, तेही विचारलं. ती म्हणाली, बाबा, मी तेव्हाच विचारलं होतं ना.

सकाळी डब्यात पाइलच्या जागेमागे वालाच्या सुपाचं कार्ड निघालं. तेही तिच्याच अक्षरातलं. खाली लिहिलं होतं, मीठ ऑरिनला घालू देऊ नये.

लगेच वाल भिजत घातले. संध्याकाळी सूप केलं. मीठ घातलं. आणखी घालणार होतो, थांबलो. एक वाडगा प्यायलो, उरलेलं झाकून ठेवलं आणि भांडं घासलं.