लायनरच्या कडा

सोलापूर, ९ फेब्रुवारी १९७६

प्रिय गुरुबसप्पा,

अकलूजला साखर कारखान्यात तू ट्रॅक्टरच्या कामावर लागलास, हे मला परक्या माणसाकडून कळलं. सव्वा वर्ष झालं तुला जाऊन. आधी थोरल्यानं लिहायचं की धाकट्यानं, या हट्टात मी एवढे दिवस घालवले. आज मीच लिहितोय. इकडे सगळे बरे आहेत. तुझी निंगव्वा वहिनी अजून सकाळी गॅरेजवर दोन कप चहा पाठवते. एक कप जास्त होतो, असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. दोन्ही पितो.

आप्पा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. पाना धरायला तुला मी शिकवलं, पण तुझा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. हे मी गिऱ्हाइकांना सांगायचो, तुला कधी सांगितलं नाही.

परवा हिंदुराव वकिलांची अँबॅसिडर पुन्हा ब्रेकच्या कामाला आली. तीच गाडी. तू गेलास त्या वेळी तिच्या ब्रेकला नवे लायनर मी बसवले होते. सात रस्ता चौकापर्यंत एक चक्कर मारून आलो, तर तू म्हणालास, "अण्णा, ब्रेक किंचाळतोय. लायनरच्या कडांवर कानस मारू या की." मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. "उगं खोड काढू नको," म्हणालो आणि गाडी देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी वकील तणतणत आले. चार लोकांसमोर माझ्या तोंडातून निघून गेलं, "ह्यानं बसवलेत लायनर. ह्याच्या हाताला वळणच न्हाय." तू साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतलेस, पिशवी उचललीस आणि गेलास. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही.

या वेळी सगळं तू करायचास तसं केलं. ड्रम उघडून आतली भुकटी ओल्या फडक्यानं पुसली. लायनरच्या कडा कानशीनं तिरक्या केल्या. लायनर ज्यावर बसतात तो शू मागच्या पत्र्यावर जिथं टेकतो, तिथं नखभर ग्रीस लावलं. मग तुझ्या वहिनीला शेजारी बसवून होटगी रस्त्याला गेलो आणि ब्रेक दाबला. गाडी गुमान थांबली. मी खुशीत तिच्याकडं बघितलं, तर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवलेले. "अवो, केवढं वरडतंय हे!" म्हणाली. पुढं गेलेला सायकलवाला वळून बघत होता. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

काल कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कानाशी काय काय वाजवून बघितलं. म्हणाले, बारीक आवाज तुमचे चार-पाच वर्षांपूर्वीच गेलेत, ठोकाठोकीत जन्म गेला की असं होतं, ते आता परत यायचे नाहीत. गुरू, तू खरं बोलत होतास. मला ऐकू आलं नाही, तो दोष कानाचा. पण तुझं नाव पुढं केलं, तो दोष कानाचा नाही, माझा. आज सकाळी वकिलांच्या घरी जाऊन, त्यांच्या मंडळींसमोर हेच सांगून आलो. वकील म्हणाले, "मग आता ब्रेक ऐकणार कोण?" भावाला विचारतो, म्हणालो. गाडी त्यांनी माझ्याकडंच ठेवली आहे.

तिथली नोकरी सोड, असं म्हणायचं तोंड मला नाही. एका रविवारी मात्र ये. मी ब्रेक दाबीन, तू ऐक आणि कुठं चुकलं ते सांग. रागानं सांगितलंस तरी चालेल. जाड आवाज मला अजून पुष्कळ वर्षं ऐकू येतील, असं डॉक्टर म्हणालेत. तुझा आवाज पहिल्यापासून जाडच आहे.

तुझाच,
संगप्पाअण्णा