बुरेकची बोली

१० जानेवारी १९२६
कुत्र्यानं आजही ऐकलं नाही! धनगराचा पोरगा मी, म्हसवडाकडं एवढी मेंढरं वळली — आणि हितं मुळशीच्या धरणाच्या कामावर एका कुत्र्यापुढं हात टेकले! त्याचा मालक गोरा फिटर स्टाशेक पोट धरून हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, बुरेकला फक्त पोलिश कळतं.

११ जानेवारी
‘होच’ म्हणजे ये. म्हटलं. आला!

२४ जानेवारी
स्टाशेकनं काडीनं मातीत त्याचा मुलूख काढला. तीन राजांनी वाटून खाल्लेला. शाळेत जर्मन मास्तर — घरची भाषा तोंडात आली की छडी. सव्वाशे वर्षं नकाशात देशच नव्हता! सात-आठ वर्षं झाली, परत आलाय. विचारलं, मग तोवर भाषा राहिली कुठं? म्हणाला, चुलीपाशी. आईजवळ. भाऊ अमेरिकेत खाणीत आहे, तिथंही हीच बोलतात. हितं मात्र ऐकायला कुणी नाही, म्हणून पिल्लू पाळलं.
लई वाईट वाटलं. शिकतोच आता.

१४ मार्च
नदीकाठच्या वस्तीवरनं म्हसूमामांची पोरगी बायजा ताक घेऊन आली. मी बुरेकशी पोलिश बोलत होतो; ‘होच’ म्हटलं की तो धावत यायचा. उभी राहून ऐकलं सगळं. “माणसाशी बोलाया जमत न्हाई व्हय?” कान तापले. म्हटलं, ताक आंबट हाय. एवढंच सुचलं!
हितं जीव रमत नाही. मुंबईला गोदीत जावं म्हणतो. पण ताक तिकडं कोण आणणार?

२ एप्रिल
स्टाशेक त्याच्या मुलखाला परत गेला. मोठ्या लढाईच्या आधी सोडलेलं घर, आता बघणार. बुरेकला माझ्याकडं दिलं. म्हणाला, बोलत राहा याच्याशी. आम्ही दोघंही रडलो. कुत्रं तेवढं शेपूट हलवत होतं.

९ मे
वस्ती पाण्याखाली जाणार. म्हसूमामा परवा बिऱ्हाड घेऊन कासारसाईला निघतायत. मला ऐकू जाईल असं म्हणाले, “तितं मेंढरामागं एक गडी लागंल.” बायजाच्या मनात काय, ते कळल्याबिगर कसं जाऊ? आणि बापाभावांपुढं ती बोलणार कशी? त्यापेक्षा गोदी बरी.

११ मे
मेंढरं पुढं, गाडी मागं. बायजा थांबली, वळली. सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली —
“होच!”
बुरेक धावत सुटला. भाऊ हसले, “कुत्र्याला काय गं हाक मारतीस ही!”
ती कुत्र्याकडं बघतच नव्हती.
बोचकं बांधतोय.