पार बेडा

पौष शुद्ध ३, फसली १३५३

आज आडावर चंद्री दिसली. बब्रुवानच्या दावणीची झाली तरी मला बघून हंबरली मेली! गेल्या जत्रेत शर्यतीच्या माळावर यांनी ती गाय पैजेत घालवली. तेव्हापासून दूध विकतचं आणि सासूची, म्हणजे आत्याबाईंची, बोलणी फुकटची.

यंदा ठेकेदाराला पैजेचे चार तंबू हवेत. गेल्या वर्षी एकच होता. पत्ते अन् फासेसुद्धा मांडणार म्हणे! परवानगी द्यायची की नाही ते गावची कमिटी ठरवणार. दिली तर आमचा पाखऱ्या बैल गेलाच म्हणायचा. यांना एका तंबूत दम निघाला नाही, चारांत काय निघणार?

शुद्ध ५

मामंजी कमिटीत आहेत. म्हणून आत्याबाईंनी त्यांना जेवतानाच गाठलं. मी दाराआडून बांगड्या वाजवून दुजोरा देत होते.

"आगं, बेडाच म्हणतो की म्या," मामंजी म्हणाले. कानडीत बेडा म्हणजे नको. जोर आला की त्यांच्या तोंडी कानडीच येते.

निकाल लिहून घ्यायला उमरग्याहून मुन्शीजी येणार. ते बोलणार दखनी, लिहिणार उर्दू. मामंजी म्हणतात, "मला त्येचं ओ की ठो कळत न्हाय. नुसती मुंडी हलवतो."

शुद्ध ६

उद्या बैठक. देवापुढं खडीसाखर ठेवली.

शुद्ध ७

दवंडी ऐकली आणि भाकरी तव्यावरच करपली. चारही तंबू मंजूर!

हे बैठकीत कोपऱ्यात बसले होते. त्यांनीच हसत हसत सांगितलं. दोघं हो म्हणाले, दोघं नको. राहिले मामंजी. ते मांडीवर थाप मारून गरजले — "बेडा! पार बेडा!" मुन्शीजींना ऐकू आलं, बेडा पार! त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ काम फत्ते. "वाह, ईरण्णासाब!" म्हणून त्यांनी मंजूर लिहिलं, शिक्का मारला आणि दुपारच्या मोटारीनं निघूनही गेले.

"मराठीत नको म्हणला असता तर जीभ झडली असती व्हय?" आत्याबाई कडाडल्या.

मामंजी खाली मान घालून म्हणाले, "म्या तर बेडाच म्हणलो."

म्हणाले होते खरे, बिचारे! मला रडू यायचं तर हसूच फुटलं. आत्याबाईंना दिसू नये म्हणून चुलीत फुंकत बसले.

शुद्ध ८

एक बरं झालं. कमिटीनं एक कलमही घातलंय — गाडी हाकणाऱ्यानं पैज लावायची नाही. आणि मामंजींनी यांना बोलावून सांगितलं, "अण्णाराव, यंदा आपली जोडी तू हाक." हे इतके खूष! लहानपणापासूनची हौस, पण मामंजी कधी कासरा हाती देत नव्हते.

शुद्ध १२

यांना पत्त्यांची आठवणसुद्धा नाही. उठले की माळ, आले की गोठा. पाखऱ्याचे पाय चोळतात, शिंगांना तेल लावतात, त्याच्याशी गप्पा मारतात. माझ्याशी एवढं लग्नात तरी बोलले होते का? पण मला बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय.

पौर्णिमा, जत्रा

आमची जोडी पहिली! शेवट जवळ येईपर्यंत बब्रुवानची जोडी पुढं होती. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर पाखऱ्या पुढं आणि आत्याबाई पदर उडवत ओरडतायत! हे धुळीनं माखलेले, ओळखू येईनात. एकाही तंबूकडं फिरकले नाहीत. माझ्यासाठी रुमालात रेवड्या बांधून आणल्या.

मामंजी मात्र दुपारभर गायब. विचारलं तर म्हणे देवळात होतो.

वद्य १

सकाळी शेण काढायला गेले, तर गोठ्यात चंद्री! मामंजी तिची मान खाजवत उभे.

पदर सावरून विचारलं, "बब्रुवाननं परत दिली?"

"दिली न्हाय. तंबूत माझ्याशी पैज हरला."

"आणि तुम्ही काय लावलं होतं?"

मामंजींनी आत्याबाई आसपास नाहीत ना ते पाहिलं. "पाखऱ्या."

माझ्या हातातली पाटी पडली. तर मामंजी मिशीत हसले आणि मुन्शीजींपेक्षा फर्ड्या दखनीत म्हणाले, "घबराओ नक्को, बहू. मैं तो उसीच दिन बोल दिया था — बेडा पार."