निळे तास, हिरवे तास

६ जानेवारी, सोमवार
आजपासून पद्धत सुरू. कॉम्प्युटरवर दिवसाचे चौकोन पाडले. ऑफिस निळं, घर हिरवं. एकाने दुसऱ्यात पाय टाकायचा नाही. बाकीचे कसे जगतात, किळस येते. शेजारच्या टेबलावरचा डेल विम्याचे क्लेम तपासताना सँडविच खातो, मध्येच बायकोला फोन. कीबोर्डात पावाचा चुरा. शी.

८ जानेवारी, बुधवार
नाश्त्याला इंग्रिडने तिच्या आईच्या गुडघ्याचा विषय काढला. म्हटलं, घरचं संध्याकाळी सातनंतर. म्हणाली, "बरं, गुडघ्याला तसं कळवते." नव्या शिस्तीला बायकोचा विरोध व्हायचाच. सातला तयार होऊन बसलो. ती बोललीच नाही. चौकोन वाया.

११ जानेवारी, शनिवार
हिरवं. मुलीची, ब्रिटाची, आइस हॉकीची मॅच. पूर्ण लक्ष देणार होतो, पण कालचं निळं उरलेलं, म्हणून लॅपटॉप मांडीवर. सगळीकडे ओल्या मोज्यांचा आणि नाचोवरच्या चीजचा वास. येताना गाडीत म्हटलं, "गोल झकास मारलास." ती म्हणाली, "बाबा, मी गोलकीपर आहे. पहिल्यापासून." मग घरापर्यंत कानात हेडफोन. वयच असं असतं.

२३ जानेवारी, गुरुवार
संध्याकाळी कळलं, आज सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मला सांगायची पद्धत नाही का, विचारलं. इंग्रिड म्हणाली, "किती वेळा सांगितलं. दर वेळी म्हणालास, चौकोनात टाक." हॉस्पिटलात सोबत कोण, तर शेजारचा रॉजर. हा माणूस दिवसभर गॅरेजमध्ये कॉफी ढोसत बसतो, मनगटावर घड्याळ नाही. सासूबाई त्याचा हात धरून होत्या म्हणे. शिसारी आली.

३१ जानेवारी, शुक्रवार
महिन्याचे रंगीत तक्ते मॅनेजर हॉल्व्हरसन बाईंना पाठवले. मागितले नव्हते; म्हणूनच छाप पडेल. बढती फार लांब नाही. डेल म्हणाला, "हे सगळं भरायला वेळ कधी मिळतो तुला?" असल्यांना काय उत्तर द्यायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार
बाईंनी बोलावलं. "वॉरन, तक्ते मी नीट वाचले. तुझं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपतं. पुढचं सगळं निळं हे तक्ते भरण्याचं आहे." म्हटलं, ती गुंतवणूक आहे. त्या म्हणाल्या, "मार्चपासून अर्धा दिवस येत जा." इतक्या गोड आवाजात. शी.
घरी इंग्रिडला समजावलं, आता दुपार पूर्ण हिरवी, यालाच समतोल म्हणतात. तिने हातातली बशी खाली ठेवली. "आणि तुझ्या कंपनीकडचा आपला हेल्थ इन्शुरन्स? अर्ध्या दिवसावर तो मिळत नाही ना?"
त्याचा चौकोन मी केला नव्हता.

४ मार्च, मंगळवार
इंग्रिडने किराण्याच्या दुकानात पूर्ण वेळची नोकरी धरली. तिथे इन्शुरन्स आहे. ब्रिटा सरावाला. दुपारी घरात मी एकटा. चार चौकोन मोकळे. काय टाकावं सुचेना, म्हणून अंगणातला बर्फ काढला. चांगला काढला. आत येऊन बूट उतरवतो तोच नगरपालिकेची बर्फ हटवणारी गाडी गेली आणि रस्त्यावरचा सगळा काळा चिखलबर्फ आमच्या अंगणाच्या तोंडाशी लोटून गेली. पुन्हा बूट. निम्मं झालं तोवर इंग्रिड आली. गाडी रस्त्यावरच ठेवली, ढिगाऱ्यावरून चढून आली. "जेवलास का?" म्हणाली.
उत्तराला थांबली नाही.